वेगेनरला हसले म्हणून पुराण खरे ठरत नाही

मागच्या पावसाळ्यात एका वस्तीतल्या वाचनालयात आम्ही पृथ्वीच्या इतिहासावर बोलायला गेलो होतो. पंचवीस-तीस माणसे होती, त्यात निम्मी कॉलेजची मुले. बोलणे संपले आणि मागच्या रांगेतून एक निवृत्त गुरुजी उठले. म्हणाले, "तुमचे विज्ञान दर पन्नास वर्षांनी बदलते. खंड सरकतात असे वेगेनर म्हणाला तेव्हा शास्त्रज्ञांनीच त्याला वेड्यात काढले. पुढे तोच खरा ठरला. मग आमच्या ग्रंथांत विमाने होती असे कुणी म्हटले, तर तुम्ही कोणत्या तोंडाने हसता?" दोन-तीन मुलांनी टाळ्याही वाजवल्या.

आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते तोकडे होते. घरी येताना सगळा रस्ताभर ते टोचत राहिले. कारण हा प्रश्न त्या गुरुजींचा एकट्याचा नाही. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणायचे ठरवले तेव्हा याच चालीचा युक्तिवाद झाला. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हाही हाच. आज नाकारलेले उद्या स्वीकारले जाते, म्हणून आज नाकारलेले सगळेच उद्याचे सत्य समजा, असा हा हिशेब आहे. (गुरुजी "आमच्या ग्रंथांत" म्हणाले. ज्यांच्या आज्यापणज्यांना त्या ग्रंथाचे अक्षर ऐकायचीही बंदी होती, अशीच माणसे त्या सभेत बहुसंख्य होती. पण तो विषय आज बाजूला ठेवू.) वेगेनरचे नाव घ्यायचेच तर त्याची गोष्ट पूर्ण सांगावी लागेल. ती अर्धीच सांगितली जाते.

आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन. शिक्षण खगोलशास्त्राचे, काम हवामानशास्त्राचे. १९०६ मध्ये त्याने भावासोबत बलूनमधून सलग ५२ तासांहून जास्त तरंगत राहण्याचा विक्रम केला होता. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टमध्ये भूशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने मांडले की आजचे सगळे खंड कधीकाळी एकत्र होते आणि नंतर फुटून दूर गेले. १९१५ मध्ये, महायुद्धात जखमी होऊन परतल्यावर, त्याचे पुस्तक आले. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे किनारे एकमेकांत बसतात हे ऑर्टेलियस या नकाशाकाराने १५९६ मध्येच टिपले होते, त्यात नवल नव्हते. वेगेनरने नुसत्या आकाराच्या सारखेपणावर काही उभे केले नाही, हे महत्त्वाचे. मेसोसॉरस हा गोड्या-मचूळ पाण्यातला छोटा सरपटणारा प्राणी. त्याचे जीवाश्म ब्राझीलमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत सापडतात. अटलांटिक पोहून जाण्याची त्याची ताकद नव्हती. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या खडकांत मिळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने शेवटपर्यंत ओढत आणलेल्या सुमारे १६ किलो दगडांतही तीच पाने निघाली. आणि आज जिथे उन्हाळ्यात अंगाची लाही होते, तिथे हिमनद्यांच्या खुणा.

इथे थोडे थांबू, कारण या खुणांपैकी एक आपल्या घरातली आहे. १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेर इथे भूवैज्ञानिकांना मोठमोठ्या गोट्यांचा एक थर दिसला आणि हा बर्फाने आणून टाकलेला असावा, असे त्यांनी लिहिले. उष्ण कटिबंधात हिमनदी? विश्वास कोण ठेवणार! मग १८७०च्या दशकात फेडन या भूवैज्ञानिकाला चांद्याजवळ, इरई गावापाशी, घासून गुळगुळीत झालेले, ओरखडलेले धोंडे सापडले, आणि त्या धोंड्यांच्या खालच्या चुनखडकावरही तशाच समांतर चरा. सरकणाऱ्या बर्फात अडकलेले दगड खालचा खडक कोरत जातात तेव्हाच अशा चरा पडतात. मे महिन्यात चंद्रपूरला गेलेल्या कुणालाही विचारा, इथे बर्फ होते म्हटल्यावर तो काय म्हणेल! पण खडकावर कोरलेले आहे. त्या खुणा सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या. मग दोनच वाटा उरतात: एक तर तेव्हा विषुववृत्तावर बर्फ होते, नाही तर तेव्हा चांदा विषुववृत्ताच्या आसपास नव्हते.

या सगळ्या खडकांना नाव काय पडले? गोंडवाना. हेन्री मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने १८७२ मध्ये ते वापरले, १८७६ मध्ये फाइस्टमांटेलने छापले, आणि १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या व्हिएन्नाच्या पंडिताने दक्षिणेकडच्या आख्ख्या प्राचीन महाखंडाला गोंडवानालँड म्हटले. गोंडवाना म्हणजेच गोंडांचा मुलूख. त्याला पुन्हा 'लँड' जोडणे म्हणजे 'लिंबू-लेमन' म्हणण्यापैकी. जगातल्या प्रत्येक भाषेतल्या भूगोलाच्या पुस्तकात आज हे नाव आहे. स्वतःला कोयतूर म्हणवणाऱ्या आणि चांदा, देवगड, गढा-मंडला, खेरला इथे राज्ये केलेल्या लोकांचे ते नाव आहे, हे मात्र चंद्रपूरच्या शाळेतही क्वचितच सांगितले जाते.

तारखा शेजारी ठेवून पाहा. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात इंग्रजांनी बाबुराव शेडमाके या गोंड जमीनदाराला फाशी दिली, राज्याविरुद्ध शस्त्र उचलले म्हणून. त्यानंतर १४ वर्षांनी त्याच राज्याचा नोकर दगडांना त्याच्या जमातीचे नाव देतो. यात मेडलिकॉटचे कपट होते असे आम्ही म्हणत नाही. पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये सुरू झाले ते मेसोसॉरस शोधायला नव्हे. रेल्वेसाठी कोळसा हवा होता म्हणून. भारतातला जवळपास सगळा दगडी कोळसा या गोंडवाना खडकांतला आहे. नाव वर गेले, कोळसा बाहेर गेला, आणि ज्यांचे नाव होते त्यांच्या वाट्याला खाणीतली मजुरी आणि विस्थापन आले. या सर्वेक्षणात वरच्या श्रेणीत पहिला भारतीय १८८० मध्ये आला, प्रमथनाथ बोस. त्यांनाही १९०३ मध्ये, बरीच वर्षे कनिष्ठ असलेल्या इंग्रजाला डोक्यावर बसवल्यामुळे नोकरी सोडावी लागली. लंडनमध्ये शिकलेल्या भद्रलोकातल्या माणसाची ही गत, मग तालचेरचे गोटे ज्यांनी टोपलीतून वाहिले त्यांचे नाव कुठल्या अहवालात शोधायचे?

आता विरोधकांकडे येऊ. वेगेनरला विरोध करणारे सगळे मूर्ख होते असे गुरुजींच्या गोष्टीत गृहीत धरलेले असते. तसे नव्हते. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकेच्या पेट्रोलियम भूशास्त्रज्ञांनी खास या विषयावर परिसंवाद भरवला. बोलणाऱ्यांपैकी बरेच जण विरोधात होते. त्यात तिरस्कार होता, हे खरे. हा हवामानवाला आपल्या अंगणात कशाला आला, हा सूर होता. हे मानले तर सत्तर वर्षांत शिकलेले सगळे विसरून पुन्हा श्रीगणेशा करावा लागेल, अशी तक्रारही झाली. पण त्याबरोबर एक खरा आक्षेपही होता. इंग्लंडच्या हॅरॉल्ड जेफ्रीस यांनी गणित करून विचारले: एवढे मोठे खंड ढकलणारी शक्ती कोणती? वेगेनरने पृथ्वीच्या फिरण्यातून येणारे बळ आणि भरती-ओहोटीचे ओढणे पुढे केले. ही बळे इतकी क्षुल्लक आहेत की त्यांनी खंड हलणे शक्य नाही, असे जेफ्रीस म्हणाले. ते बरोबर होते! ग्रीनलंड वर्षाला काही मीटर, पुढच्या मोजणीत तर काही दहा मीटर सरकते, असा वेगेनरचा दावा होता. तोही चूक निघाला. खरा वेग वर्षाला दोनेक सेंटीमीटर, आपली नखे वाढतात तेवढा.

उलट, विरोधकांचे स्वतःचे उत्तर आणखी लंगडे होते. खंडांमध्ये पूर्वी जमिनीचे लांबलचक पूल होते, त्यांवरून प्राणी आले-गेले, मग पूल समुद्रात बुडाले, असे ते म्हणत. पण खंडांचा खडक समुद्रतळाच्या खडकापेक्षा हलका आहे. तो बुचासारखा तरंगतो, बुडत नाही. गंमत अशी की ही समजूत आली होती हिंदुस्थानच्याच मोजणीतून. हिमालयाच्या ओढीने ओळंबा जेवढा कलायला हवा तेवढा कलत नाही, हे लक्षात आल्यावर १८५०च्या दशकात प्रॅट आणि एअरी यांनी डोंगराखालचा भाग हलका असला पाहिजे असे मांडले होते. म्हणजे १९२६ मध्ये दोन्ही बाजूंकडे भोके होती. वेगेनरकडे पुरावा होता, यंत्रणा नव्हती. विरोधकांकडे पदे होती.

वेगेनर ग्रीनलंडच्या बर्फात गेला. १ नोव्हेंबर १९३० रोजी पन्नासावा वाढदिवस झाला त्याच दिवशी तो मधल्या तळावरून परत निघाला. सोबत एकच माणूस, रासमुस व्हिलुमसेन, ग्रीनलंडचा मूळनिवासी तरुण. पुढच्या मे महिन्यात वेगेनरचे प्रेत सापडले. नीट शिवलेल्या आच्छादनात, वर खूण म्हणून बर्फावर चालायच्या फळ्या रोवलेल्या. व्हिलुमसेनने एकट्याने, त्या थंडीत, ते सगळे केले होते. तो स्वतः कधीच सापडला नाही. वेगेनरवरच्या बहुतेक लेखांत हे नाव नसते, म्हणून इथे लिहिले.

मग खंडवहन तरले कसे? ज्यांनी दक्षिणेचे दगड हातात घेतले होते त्यांनी ते सोडले नाही. दक्षिण आफ्रिकेच्या आलेक्झांडर दू टॉयट यांनी दक्षिण अमेरिकेत जाऊन थरामागून थर ताडून पाहिले. इंग्लंडचे आर्थर होम्स १९२०च्या दशकाच्या अखेरीस म्हणू लागले की पृथ्वीच्या पोटात उष्णतेमुळे खडक अतिशय सावकाश वर-खाली फिरत असावेत, उकळत्या डाळीसारखे, आणि तेच खंड वाहून नेत असावेत. जेफ्रीसच्या प्रश्नाला हे उत्तर होते, पण अजून सिद्ध नव्हते, आणि होम्स स्वतःच तसे सांगत.

पुढचा पुरावा पुन्हा आपल्या दाराशी. लाव्हा थंड होताना त्यातली लोहखनिजे त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. ती किती कललेली आहे यावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर जन्मला ते काढता येते. १९५०च्या दशकात केंब्रिजचे एडवर्ड आयर्विंग आणि लंडनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांचा गट, दोघांनी दख्खनचा काळा पाषाण तपासला. सह्याद्रीचा, आपल्या जात्याचा आणि पाट्याचा दगड. तो सांगत होता की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला होता. चांद्याचे ओरखडे आणि दख्खनचा चुंबक, दोन वेगळ्या काळांचे, वेगळ्या पद्धतीचे साक्षीदार एकच जबानी देत होते. आयर्विंगचा प्रबंध १९५४ मध्ये केंब्रिजने नापास केला.

आणि मग मारी थार्प. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेले म्हणून अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने भूशास्त्राचे वर्ग मुलींना उघडले. त्या दारातून ती आत आली. १९४८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत लागली ती आकडेमोडीला आणि नकाशे काढायला. जहाजावर बाईला बंदी होती. सहकारी ब्रूस हीझन समुद्रावर जाई, ध्वनिलहरींनी घेतलेली खोलीची मोजणी आणी, आणि थार्प टेबलाशी बसून ती कागदावर उतरवी. १९५२ मध्ये उत्तर अटलांटिकचे सहा छेद एकाखाली एक मांडल्यावर तिला दिसले की मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच आहे. म्हणजे सलग खचदरी. म्हणजे समुद्राचा तळ तिथे फाटतो आहे. तिने हीझनला दाखवले. तो म्हणाला, पोरींच्या गप्पा आहेत या. कारण हे मान्य केले तर खंडवहन मान्य करावे लागले असते, आणि त्या काळी त्या संस्थेत तसे बोलणे म्हणजे अब्रू घालवणे होते.

शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर नावाचा, चित्रकला शिकलेला एक कर्णबधिर तरुण समुद्राखालच्या भूकंपांच्या जागा नकाशावर ठिपक्यांनी मांडत होता. काम टेलिफोनच्या केबलींसाठी होते, कुठे टाकल्या तर तुटणार नाहीत एवढेच पाहायचे होते. दोन्ही नकाशे एकाच मापाचे होते. एकावर एक ठेवले. भूकंपांचे ठिपके थार्पच्या खाचेत रांगेने बसले. हीझनला मानावे लागले, तरी जवळपास वर्ष गेले. एक बाई जिला जहाजावर चढू देत नाहीत, एक माणूस ज्याला ऐकू येत नाही, आणि पृथ्वीवरची सगळ्यात लांब पर्वतरांग कुठे फाटते हे या दोघांच्या कागदांनी सांगितले. पुढच्या कित्येक महत्त्वाच्या निबंधांवर थार्पचे नाव नव्हते. ती प्रत्यक्ष समुद्रावर गेली १९६८ मध्ये.

शेवटचा टप्पा तेवढा लवकर झाला. हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये लिहिले की त्या खाचेतून नवा तळ बाहेर येतो आणि दोन्हीकडे सरकतो. स्वतःच्या निबंधाला त्यांनी पृथ्वीवरचे काव्य समजा असे सांगून ठेवले. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी त्याची कसोटी मांडली: पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, तर रांगेच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय पट्टे आरशातल्यासारखे सारखे सापडले पाहिजेत. त्यांनी वापरलेली मोजणी अरबी समुद्राच्या टोकाला असलेल्या कार्ल्सबर्ग रांगेवरची होती. हेच म्हणणे कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनीही पाठवले होते. दोन नियतकालिकांनी परत केले, एका परीक्षकाने ही मेजवानीत मारायच्या गप्पांची गोष्ट आहे असा शेराही दिला. पण पट्टे समुद्रात होते, शेऱ्यात नव्हते. १९६६ पर्यंत ते इतके नेमके जुळले की काल हसणारे आज प्लेट टेक्टॉनिक्स शिकवू लागले. १९८०च्या दशकात अटलांटिकचे रुंदावणे प्रत्यक्ष मोजले गेले.

तर गुरुजी, वेगेनर खरा ठरला तो हसले म्हणून नव्हे. तो ज्या गोष्टी सांगत होता त्या दुसरा कुणी, वेगळ्या देशात, वेगळ्या यंत्राने तपासू शकत होता. त्यातल्या शक्तीबद्दलच्या आणि वेगाबद्दलच्या चुकीच्या होत्या. त्या टाकून दिल्या गेल्या आणि वेगेनरचा भक्तगण रडला नाही. विमानांच्या श्लोकातली कोणती गोष्ट चुकीची निघाली तर तुम्ही ती टाकाल, ते आधी सांगा. मग आम्ही हसणार नाही, तपासू. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाचा सिद्धांत मांडताना प्रस्तावनेतच कबूल केले की साखळीतले काही दुवे हाती नाहीत, तिथे तर्काने सांधावे लागले, आणि टीकाकारांनी ते तपासावे. त्याच पुस्तकात वंशसिद्धांत त्यांनी नाकांच्या मोजमापाचे तक्ते मांडून खोडून काढला. सोयीचा आहे म्हणून मानलाही नाही, गैरसोयीचा म्हणून नुसता धुडकावलाही नाही.

हाच चिमटा आपल्यालाही घ्यावा लागेल. आपल्या बाजूच्या काही पत्रकांत आणि व्हॉट्सॲपवर अलीकडे फिरते की गोंडवानालँड होते तेव्हापासून गोंडांची संस्कृती नांदत होती. तो महाखंड फुटायला लागला त्याला सुमारे १८ कोटी वर्षे झाली. आपली मानवजात साधारण ३ लाख वर्षांची. गोंडांच्या थोरवीला मेडलिकॉटच्या दगडांचे वय लावायची गरज नाही. चांद्याचा किल्ला आणि तलाव पुरेसे बोलतात. उद्या कुणी हा दावा आमच्याच व्यासपीठावर केला, तर गुरुजींना विचारला तोच प्रश्न आम्ही त्यालाही विचारू.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळात मोठा भूकंप झाला, दहा हजारांहून जास्त माणसे मेली. गांधी तेव्हा अस्पृश्यताविरोधी दौऱ्यावर दक्षिणेत होते. त्यांनी जाहीर केले की हा अस्पृश्यतेच्या पापाची देवाने दिलेली शिक्षा आहे. वरवर पाहता हे आपल्या बाजूचे बोलणे. आजही काही जण ते गांधींच्या खात्यावर पुण्य म्हणून मांडतात. रवींद्रनाथ टागोरांनी लेखी हरकत घेतली: निसर्गाच्या घटनांना नीतीचे कारण चिकटवले तर उद्या विरोधकही हेच हत्यार उचलतील. गांधींनी ती हरकत आपल्या 'हरिजन'मध्ये छापली, शेजारी उत्तर छापले, आणि मत बदलले नाही. मुंगेर आणि मुजफ्फरपूरमध्ये भिंती पडल्या त्या शिवाशिव पाळणाऱ्यांच्याही आणि ज्यांना शिवत नव्हते त्यांच्याही. अस्पृश्यता गुन्हा आहे हे सिद्ध करायला महाडचे तळे पुरेसे होते, त्याला भूकंपाची साक्ष लागत नव्हती. आणि भूकंपाचे कारण तेव्हा कुणाकडेच पुरते नव्हते; वेगेनरला बर्फात पुरून तीन वर्षे झाली होती, थार्प तेरा वर्षांची होती. चांद्याचे ओरखडे आणि दख्खनचा पाषाण पाठीवर घेऊन हा भूपट्ट हिमालयाखाली घुसतो आहे, वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर, तेव्हाही आणि आत्ताही.